स्वतःच्या मुलाला नको म्हटलं, आता वर्गातल्या मुलीला काय सांगू?

बडोद्याच्या एका शाळेत बरीच वर्षं बायॉलॉजी शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलंय, नाव अर्थातच देत नाही. थोडक्यात असं. गेल्या पाच सप्टेंबरला अकरावीच्या मुलांनी शिक्षक होऊन खालचे वर्ग घेतले, त्यात काही मुली इतक्या छान उभ्या राहिल्या की बाईंना वाटलं, एक दिवसापुरतंच का, यांना नीट तयार करूया. तेव्हापासून शनिवारी शाळा सुटल्यावर अकरावीच्या सहा मुली तिसरी ते सहावीच्या काही मुलांचं वाचन आणि गणित घेतात. छान चाललं होतं, मग तीन गोष्टी लागोपाठ झाल्या. प्रिन्सिपॉलना कल्पना एवढी आवडली की कुणी शिक्षक रजेवर असला की ते आता याच मुलींना प्रॉक्सीला पाठवतात. एका मुलीचे वडील शाळेत येऊन म्हणाले, नीटच्या क्लासची एवढी फी भरतो ती मुलीला मास्तरीण करायला नाही. आणि त्याच मुलीने बाईंना एकटं गाठून विचारलं, "टीचर, मी खरंच शिक्षक होऊ का?"

बाई लिहितात, "माझ्या तोंडून हो निघालंच नाही. सात वर्षांपूर्वी माझ्या मुलाने बारावीनंतर हेच विचारलं होतं आणि मी त्याला सरळ नको म्हटलं. मी अकरा वर्षं टेम्पररीवर काढली, महिनाअखेरीला उसने घेतलेले दिवस विसरले नाहीये. तो आज पुण्यात आयटीत आहे. मला रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत. जे पोटच्या पोराला नको म्हटलं त्यासाठी दुसऱ्यांच्या मुली तयार करायचा मला काय हक्क? बंद करून टाकू का हे?"

ताई,

शनिवार बंद करू नका. प्रॉक्सी मात्र या सोमवारपासूनच बंद करा, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी तुमच्या मुलाचं. तुमचं पत्र हाताने लिहिलेलं आहे म्हणून एक गोष्ट दिसली. टेम्पररीच्या अकरा वर्षांबद्दल लिहिताना अक्षर बारीक आणि दाबून आलंय, आणि शनिवारच्या तासाबद्दल लिहिताना तेच अक्षर मोठं होऊन ओळी वर चढल्यात. पूर्ण पत्रात वर्गाबद्दल किंवा मुलांबद्दल तक्रारीचा एक शब्द नाही. जी तक्रार आहे ती पगाराची, टांगत्या तलवारीची आणि उसनवारीची. म्हणजे तुम्ही मुलाला नको म्हणालात ते नोकरीच्या हालांना, शिकवण्याच्या कामाला नाही, आणि मला वाटतं या दोन गोष्टी तुमच्या मनात इतकी वर्षं एकाच गाठोड्यात बांधून पडल्यात. त्या मुलीला काही सांगायच्या आधी ते गाठोडं सोडा. तिला दोन्ही ऐकायचा हक्क आहे, अकरा वर्षंही आणि त्यानंतर तुम्ही का टिकलात तेही.

दुसरं म्हणजे तुम्ही धरून चालला आहात की तिला तयार करणं म्हणजे तिचं मन वळवणं. म्हणून तर हक्काचा प्रश्न येतो ना? पण सोळा वर्षांच्या मुलीचं मन वळवायचं कशाला, तिला काम दाखवा, पुढून आणि मागून. आवडलं तर ती जाईल, नाही आवडलं तर अकरावीतच कळलं, बी.एड. करून दोन वर्षं नोकरी केल्यावर कळण्यापेक्षा किती बरं. माझ्या मते शनिवारच्या शेवटी सहापैकी चौघी म्हणाल्या की "टीचर, हे आपलं काम नाही", तरी तुमचा उपक्रम पूर्ण यशस्वी.

मागून दाखवा असं म्हणते त्याला कारण आहे. डॅन लॉर्टी नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७५ साली हिशोब मांडला होता की शाळा संपेपर्यंत एका मुलाचे जवळपास १३,००० तास शिक्षकांसमोर गेलेले असतात. दुसऱ्या कुठल्याच धंद्याचं असं नाही, डॉक्टर व्हायच्या आधी कोणी एवढे तास डॉक्टरला बघत बसत नाही. आणि तिथेच फसायला होतं, कारण बाकावर बसून दिसतं ते फक्त बोलणं, फळा, रागावणं, पेपर वाटणं. आदल्या रात्री बाईंनी कुठलं उदाहरण टाकून दिलं आणि का, तिसऱ्या बाकावरच्या मुलाकडे बघून मधेच विषय का बदलला, हे बाकावरून दिसत नाही. मुलांना वाटतं आपल्याला हे काम माहितेय. पाच सप्टेंबरला काय होतं आठवा, आईची साडी, पिना लावलेला पदर, हातात डस्टर आणि पहिलं वाक्य "सायलेन्स!" मुलं आपली नक्कल करतात आणि ती हुबेहूब जमली की आपण म्हणतो किती छान शिकवलं. तुमच्या सहा मुली तुम्ही त्या दिवसावरून निवडल्यात, म्हणून विचारते, नक्की काय बघून निवडल्यात? पत्रात त्यांचं वर्णन आहे, हुशार, शांत, अक्षर सुंदर, आवाज खणखणीत. आणि सगळ्या मुलीच. वर्गातले मुलगे कुठे गेले?

मी एकोणीस वर्षं बी.एड.च्या मुलांचे लेसन बघितले, शेवटच्या बाकावर बसून, मांडीवर निरीक्षणाची वही घेऊन. त्यातला एक मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. बी.एससी.ला गणितात एटीकेटी लागलेला, बोलताना अडखळायचा, फळ्यावरचं अक्षर उतरतं जायचं. सहावीचा वर्ग, दशांश अपूर्णांक. त्याने विचारलं, ०.३५ मोठं की ०.५? एक मुलगी म्हणाली ०.३५. तो म्हणाला चूक, परत बघ. ती म्हणाली ०.३५. परत चूक. तिसऱ्यांदा तेच. मी वहीत लिहायला पेन उचललं होतं, एवढ्यात तो थांबला आणि तिला म्हणाला, "बरं, तुला ०.३५ मोठं का वाटतं ते सांग." ती म्हणाली, "सर, पस्तीस पाचापेक्षा मोठे असतात ना." तो काही सेकंद गप्पच उभा राहिला. मग भिंतीला टेकवलेली लाकडी मीटरपट्टी उचलून तिच्या बाकावर ठेवली आणि म्हणाला, ही पूर्ण पट्टी म्हणजे एक, यावर ०.५ कुठे येईल बोट ठेव. तिने मधोमध ठेवलं. आता ०.३५ कुठे? बोट मागे सरकायला लागलं आणि पस्तीसवर येऊन थांबलं, आणि तिच्या तोंडून "ओह" असं काहीतरी निघालं. पाठाच्या टाचणात पट्टी नव्हतीच. नंतर मी त्याला विचारलं हे सुचलं कसं, तर म्हणाला, "मॅडम, मलाही सहावीत असंच वाटायचं, आणि मला कोणी का ते विचारलंच नाही." त्याच बॅचमध्ये युनिव्हर्सिटीत नंबर आलेली एक मुलगी होती, तिचा लेसन घड्याळावर संपायचा, आणि चुकीचं उत्तर आलं की ती हसून दुसऱ्या मुलाकडे वळायची. ती वाईट होती असं अजिबात म्हणत नाही, तीही पुढे शिकली. पण अकरावीत आपण निवडायला बसलो असतो तर तिला घेतलं असतं आणि त्याला पाठवून दिलं असतं.

तेव्हा सहाच्या आठ करा आणि त्यात असे दोघं घ्या ज्यांना एखादा विषय स्वतःला जड गेलाय. मुलगे नक्की घ्या. आणि पाठ देण्याच्या ऐवजी एकेकाला एकच मूल द्या. पूर्ण वर्ग सोळा वर्षांच्या मुलांना देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, वर्ग आला की शिस्त आली आणि शिस्त आली की ती मुलं जे बघितलंय तेच करणार, ओरडणार, उभं करणार. (शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, हे पहिल्याच दिवशी या मुलांना सांगून टाका, "मानसिक" या शब्दावर थांबून.) एक मूल, एक गोष्ट, सहा शनिवार, दर वेळी चाळीस मिनिटं. गोष्ट छोटी असू दे, जोडाक्षरं वाचणं किंवा वजाबाकीतला हातचा. आणि एक वही, त्यात लेसन प्लॅन वगैरे नको, फक्त दोन गोष्टी: आज मुलाने काय चुकवलं ते त्याच्याच शब्दांत, आणि त्याने तसं का केलं असेल याचा माझा अंदाज. बस. पुढच्या शनिवारी तो अंदाज खरा की खोटा हे बघायचं. या वह्या तुम्ही वाचा, तुम्हाला महिन्याभरात कळेल कोणाला या कामाची ओढ आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचं त्यांना कळेल.

एखाद्या दिवशी त्यांना तुमच्या मागे मागे फिरू द्या. हजेरी, ऑनलाइन एन्ट्री, पालकांचा फोन, पासष्ट पेपरांचा गठ्ठा, सगळं. एक गठ्ठा त्यांच्यासमोर तपासा आणि मोठ्याने बोलत तपासा, "याला अर्धा मार्क का दिला", "हिला पेशीचा भाग कळलाय पण आकृती पाठ केलीये". असं कोणी आपल्याला दाखवलं नव्हतं.

आता प्रॉक्सी. प्रिन्सिपॉलांचा हेतू वाईट असेल असं नाही, वर्ग मोकळा राहिला की गोंधळ होतो हे मलाही माहितेय. पण मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचं ही आपल्याकडची जुनीच रीत, अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासला असलेल्या अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने ती आपल्या शाळांत पाहिली आणि इंग्लंडला नेली, आणि तिकडे तिचं काय झालं? एका मास्तरावर शेकडो मुलं आणि बाकीचं काम मोठ्या मुलांकडून फुकटात. मुलं शिकवतायत म्हणून शिक्षकाचा खर्च वाचतो हे एकदा कुणाच्या लक्षात आलं की मग शिकणं बाजूला पडतं. तुमच्याकडे लहान प्रमाणात तेच होतंय. अकरावीच्या मुलीचा स्वतःचा तास बुडतो, खालच्या वर्गाला शिक्षक मिळत नाही, आणि त्या मुलीला संदेश काय जातो की शिक्षक म्हणजे पोकळ जागा भरणारा माणूस. प्रिन्सिपॉलना भेटा, वहीतली दोन पानं दाखवा, आणि म्हणा सर, हे शनिवारी चाळीस मिनिटं आणि माझ्या नजरेसमोर असलं तरच चालू ठेवते. परीक्षेच्या महिन्यात बंद. पालकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कोणी नाही. ऐकलं नाही तर तुम्हीच थांबवा, तेव्हा थांबवणं बरोबर असेल.

वडिलांशी भांडू नका, आणि कृपा करून "शिक्षकी हा पवित्र पेशा आहे" असं त्यांना सांगू नका. फी भरणाऱ्या माणसाने विचारलेला प्रश्न साधा आहे, माझ्या मुलीचं पुढे काय? त्याचं साधं उत्तर द्या. ती सायन्सला आहे, तिला सायन्स सोडायचं नाहीये. नीट देऊ दे ना. बारावीबरोबरच एन.सी.ई.टी. ही परीक्षापण देता येते, नॅशनल टेस्टिंग एजन्सी (एन.टी.ए.) घेते, ती आयटेप म्हणजे चार वर्षांच्या इंटिग्रेटेड कोर्ससाठी, त्यात बी.एससी. आणि बी.एड. एकत्र होतं. हा कोर्स २०२३ पासून सुरू झालाय आणि २०२० च्या शिक्षण धोरणात लिहिलंय की २०३० पर्यंत शिक्षकासाठी किमान पात्रता हीच चार वर्षांची पदवी असेल. भोपाळच्या रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये हा कोर्स आहे, आणि तिच्या क्षेत्रात गुजरातही येतं. हे नको असेल तर नेहमीसारखं आधी पदवी, किमान ५० टक्के, मग दोन वर्षं बी.एड. आणि एज्युकेशन अँड सायकॉलॉजी फॅकल्टी तर आपल्या एम.एस. युनिव्हर्सिटीतच आहे, १९३५ साली गायकवाडी राज्यात ट्रेनिंग कॉलेज म्हणून सुरू झालेली. अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवायची असेल तर एम.एससी.पण लागेल. लहान मुलांना शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., ज्याला इथे अजून सगळे पी.टी.सी. म्हणतात.

इथे एक गोष्ट सगळ्याच पालकांना सांगते, कारण खूप घरांत घोटाळा होतो. बी.एड. झालं म्हणजे कुठल्याही वर्गाला शिकवता येतं असं नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, तिथे डी.एल.एड.च लागतं. आठवीपर्यंत शिकवायला टेट ही शिक्षक पात्रता परीक्षा पास पाहिजे, १५० पैकी सर्वसाधारण गटाला ९०, आणि ते सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं. नववीपासून पुढे गुजरातमध्ये तशीच दुसरी परीक्षा, टाट. म्हणजे आधी ठरवायला लागतं की कितव्या वर्षाची मुलं मला आवडतात, आणि हे ठरवायला तुमच्या शनिवारपेक्षा चांगली जागा नाही. कुठलंही कॉलेज निवडताना अशा कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एन.सी.टी.ई.च्या यादीत नाव बघा, आणि "हजेरीची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं सांगणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. मी असे शिक्षक बघितलेत ज्यांनी पहिला खरा वर्ग नोकरीच्या पहिल्या दिवशी पाहिला, त्यांचे आणि मुलांचेही हाल झाले.

आणि नोकरीचं वाईटही वडिलांसमोर आणि मुलीसमोर बोला, लपवू नका. भरती वर्षानुवर्षं अडकते. गुजरातमध्ये ज्ञान सहायक, म्हणजे कंत्राटी शिक्षक, म्हणून घेतात ते अकरा महिन्यांच्या करारावर. काही खासगी शाळांत सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच असतो. कायद्याने शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून दुसरं बिगरशैक्षणिक काम देता येत नाही, पण या तीनच कामांत किती दिवस जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. खासगी ट्युशन कायद्याने बंद आहे म्हणजे वरकमाईचा हिशोब धरू नका. तुमची अकरा वर्षं तारीखवार सांगा, तेव्हा पगार किती होता, घर कसं चाललं, सोडायचा विचार किती वेळा आला. मुलगी घाबरेल असं वाटतंय ना? जी खरं ऐकून घाबरली ती खोट्यावर जाऊन चार वर्षांनी रडली असती.

शिवाय शिक्षक म्हणजे फक्त शाळेतला वर्गशिक्षक नाही हेही या मुलांना माहीत नसतं. बालवाडी आहे, पी.टी.चे, संगीताचे शिक्षक आहेत, विशेष मुलांसाठी स्पेशल एज्युकेटर आहेत ज्यांचं रजिस्ट्रेशन आर.सी.आय. म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे होतं. एखाद्या सुट्टीत यातल्या एका ठिकाणी मुलांना घेऊन जा, दोन तास कोपऱ्यात बसून फक्त बघायला.

भाषेचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, की मुली घरी मराठी, शाळेत इंग्लिश आणि लहान मुलांशी गुजराती बोलतात, "त्यामुळे धड कुठलीच भाषा नाही". मला हे अजिबात पटलं नाही. ज्याला स्वतःला पहिलीत मराठी "ओळ" आणि गुजराती "लीटी" एकच हे कळायला आठवडा लागलाय त्याला समोरच्या मुलाचं अडणं लवकर दिसतं. ताराबाई मोडक आपल्या मराठीच, पण त्या भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करत होत्या, गुजराती मुलांमध्ये, आणि पुढे त्यांनी अनुताई वाघांबरोबर बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी आयुष्य दिलं. आणि गिजुभाई तर वकील होते, वकिली सोडून तिशीत शिक्षणात आले. म्हणजे त्या मुलीने आज नीट दिली, उद्या डॉक्टर झाली किंवा नाही झाली, तरी हे दार बंद होत नाही, हेही वडिलांना सांगून बघा, त्यांचा जीव थोडा खाली पडेल. त्यांना एखाद्या शनिवारी बोलवाच. काही बोलायचं नाही, मागे खुर्ची टाकून द्या आणि मुलगी त्या चौथीतल्या पोराला वाचायला कशी बसवते ते बघू दे.

आता ती मुलगी. तिने "होऊ का" विचारलंय, तुम्ही उलटं विचारा, "या शनिवारी तुझ्या मुलाने काय चुकवलं?" ती जर "त्याला येतच नाही" असं म्हणून थांबली तर अजून वेळ आहे, घाई नाही. आणि ती जर पाच मिनिटं थांबलीच नाही, तो असं वाचतो आणि मी असं केलं आणि मग त्याने, असं सांगत सुटली, तर तिला समोर बसवून तुमची अकरा वर्षं सांगा, आणि नंतरची सगळीपण.

फक्त त्याच्या आधी एक फोन पुण्याला करा. मुलगा आयटीत सुखात आहे असं तुम्ही लिहिलंय, पण बारावीनंतर त्याने विचारलं तेव्हा त्याला नक्की काय शिकवायचं होतं, कोणाला, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. मला वाटतं तेव्हा विचारायचं राहून गेलं. रविवारी सकाळी तो निवांत असेल तेव्हा विचारा.